निळ्यांचा दुसरा गोल

कुवेतला गेले तेव्हा मला घराबाहेरच्या कुणाशी बोलायची सवय नव्हती. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत असताना शाळेत इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी मला उभं करून कविता म्हणायला सांगितली. कविता पाठ होती, पण तोंड उघडलं नाही. गुरुजी वैतागून म्हणाले, "हिच्या तोंडाला कुलूप आहे." ते कुलूप मी लग्नातही घेऊन गेले आणि विमानातही.

आम्ही खैतानला राहायचो, दोन खोल्यांत दोन कुटुंबं. माझे यजमान सरकारी हॉस्पिटलात होते. अर्धांगवायूच्या माणसांना व्यायामाच्या खोलीत न्यायचं, उठवायचं, बसवायचं, हे त्यांचं काम. चौऱ्याऐंशी साल असेल. एक दिवस ते घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "तुझ्यासाठी काम बघितलंय. फुटबॉल खेळायचाय."

मी तांदूळ निवडत होते. मला वाटलं, थट्टा चालली आहे.

"टेबलावरचा फुटबॉल गो. उभं राहून दांड्या फिरवायच्या. आमच्याकडे एक कुवेती म्हातारा येतो, उजवा हात गेलाय त्याचा. डॉक्टर सांगतात, रोज मनगट फिरव. ते रबरी चेंडू दाबायचा त्याला कंटाळा. लहानपणीचा खेळ आहे म्हणतो घरात, पण समोर खेळायला कोणी नाही. मुलं अमेरिकेत शिकतात."

"परक्या पुरुषाबरोबर खेळू?"

"त्याची बायको असते तिथेच. आणि म्हातारा मुंबईत वाढलाय, आपल्यासारखी हिंदी बोलतो."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे तुला ओळखतो कोण?"

हे मात्र खरं होतं. तरी पहिल्या दिवशी त्याच्या वस्तीत, दस्मानला, बसमधून उतरले तेव्हा माझे पाय परत फिरायला बघत होते. यजमान सोबत होते म्हणून दारापर्यंत गेले.

म्हातारा म्हणे! माणूस पन्नाशीचाच होता. उंच, दाढीत थोडे पांढरे केस, उजवा हात पोटाशी धरलेला. तिथे घरात काम करणाऱ्या बायका मालकाला बाबा आणि मालकिणीला मामा म्हणायच्या. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे त्या ठेंगण्या, डोळ्यांत सुरमा घातलेल्या बाईंना मामा म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. त्यांना फक्त अरबी यायची. मला हिंदीसुद्धा धड यायची नाही. त्यामुळे आमचं दोघींचं चांगलं जमलं.

खेळ म्हणजे एक लाकडी पेटी होती, वरून उघडी, आमच्या दाराच्या फळीएवढी लांब. आत हिरवा रंग दिलेला, मधे मधे पोपडे उडालेले. पेटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आरपार लोखंडी दांड्या, चार एकाच्या, चार दुसऱ्याच्या. दांड्यांवर लाकडी गडी उलटे टांगल्यासारखे जडवलेले. निळे बाबांचे, लाल समोरच्याचे. निळ्यांच्या गोलकीपरचं नाक झिजून सपाट झालं होतं. चेंडू बुचाचा. बाबांच्या वडिलांची मुंबईत खजुराची पेढी होती. देश सोडून जाणाऱ्या कुठल्याशा साहेबाच्या सामानात त्यांना ही पेटी मिळाली. तेव्हा बाबा बारा वर्षांचे आणि त्यांचा भाऊ दहाचा. पुढे पेढी मिटली, सगळे जहाजाने परत आले, ती पेटीही आली.

बाबा डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दांडीच्या मुठीवर गुंडाळायचे आणि म्हणायचे, "चल बाई, शुरू."

मी दांडीला हात लावला की माझ्या हाताला घाम सुटायचा. मामा खुर्चीत बसून माळ ओढत बघायच्या. बाबांची दांडी अर्धी फिरायची आणि थांबायची. चेंडू त्यांच्या गड्याच्या पायाशी असायचा आणि पाय हलायचा नाही. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी एक युक्ती केली. चेंडू माझ्या गोलाकडे आला की मूठ धरून ठेवायची, पण अंगठा उचलायचा. अंगठा उचलला की दांडी सैल पडते आणि गोलकीपर नुसता लोंबतो. बघणाऱ्याला वाटतं, हिने अडवलं, पण जमलं नाही.

बारा-पंधरा दिवस हे चाललं. बाबा रोज जिंकायचे. एक दिवस गोल झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्या अंगठ्याकडे बघितलं.

"ये क्या है?"

मी अंगठा पटकन मुठीवर दाबला.

"बाई, तू गोल छोडती है?"

मी मान खाली घातली. त्यांनी डाव्या हाताने पेटीवर अशी थाप मारली की चेंडू उडून मामांच्या मांडीवर पडला.

"घर में सब झूठ बोलते हैं. बीवी बोलती है अच्छा है, डॉक्टर बोलता है अच्छा है. तू भी? झूठा गोल मेरे हाथ को बिगाडता है. बोल, फिर छोडेगी?"

"नही."

"और पूछूंगा तो सच बोलेगी?"

"हां."

"कसम?"

मी गळ्याला चिमटा घेतला, आपल्याकडे लहानपणी घ्यायचो तसा. ते त्यांना कळलं. मुंबईतच वाढलेले. दाढीत हसले. त्या दिवशी मी त्यांना पाच गोल मारले आणि मामांनी प्रत्येक गोलाला टाळ्या वाजवल्या.  वाटलं, उद्या येऊ नको म्हणतील. पण दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी पेटीशी उभे होते.

ऑक्टोबरपर्यंत दांडी पाऊण फिरायला लागली. मग एक नवीनच कटकट सुरू झाली. दांड्या जिथून लाकडातून जातात तिथे कुरकुर वाजायचं. मामांचं डोकं दुखायचं. आणि बाबांना त्या भोकांत दांडी घासत फिरवायला जास्त जोर लागायचा. आमच्याकडे किरकिरणाऱ्या वस्तूला एकच औषध. दाराची बिजागरी असो, झोपाळ्याची कडी असो, विहिरीवरचा रहाट असो, खोबरेल तेल. आईने मला तेच शिकवलं होतं. माझ्याकडे गावाहून आणलेला डबा होता. त्यातलं बाटलीत भरून नेलं आणि बाबांच्या चारही दांड्यांना दोन्हीकडून भोकांत सोडलं, लाकूड पिईल तितकं. माझ्या दांड्यांना मात्र लावलं नाही. गावचं तेल, जपून वापरायचं. मला काय, मी जोर लावीन.

कुरकुर निम्मी गेली. बाबांची दांडी लोण्यासारखी फिरू लागली. "बाई, तेरे हाथ में दवा है," ते म्हणाले. मी त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत होते.

जानेवारीत बाबांचा भाऊ येणार असं ठरलं. तो बहरीनला असायचा. बाजारात दोघांचं मिळून वडिलांच्या वेळचं दुकान होतं, होडीवाल्यांना लागणारे दोरखंड, कंदील, डांबर असलं सामान. बाबा आजारी पडल्यापासून ते बंद होतं. भावाचं म्हणणं, आता तुझ्याच्याने व्हायचं नाही, किल्ली दे, मी दुकान काढून टाकतो, तू आराम कर. बाबांना आराम नको होता. टेलिफोनवर दोघे खूप भांडले. मग बाबांनी मला सांगितलं ते असं: "मैंने बोला, तू आ. पाच गोल का गेम. इस हाथ से दो गोल मारे तो दुकान मैं खोलूंगा. नही मारे तो चाबी तेरी."

एवढ्या मोठ्या माणसाने दुकान खेळावर लावलेलं ऐकून मला कसंसंच झालं. पण त्यांच्या चेहऱ्यावर बारा वर्षांचा मुलगा होता. तेव्हापासून रोज ते माझ्याविरुद्ध दोन गोल मोजायचे. कधी व्हायचे, कधी एकच. मी अंगठा उचलला नाही.

गुरुवारी संध्याकाळी, मी निघायच्या वेळी, दोन माणसांनी पेटी उचलून दिवाणियात नेली. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठक, रस्त्याकडे वेगळं दार असलेली. भिंतीला लागून गाद्या, लोड. ती खोली बरेच दिवस बंद होती. आतल्या खोलीसारखा हीटर इथे नव्हता, जमीन गार, भिंती गार. मी पेटी पुसली आणि घरी आले. शुक्रवारी मला सुट्टी असायची, पण पाहुण्यांसाठी बोलावलं होतं.

त्या रात्री उत्तरेचा वारा सुटला. सकाळी वेणी घालायला बसले तर बाटलीतलं तेल थिजून पांढरं झालेलं. हेअरपिनने खरवडून काढलं, तळहातावर चोळून पातळ केलं, केसांना लावलं. आणि एवढं करूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मी स्वतःला नंतर कितीदा विचारलंय.

दिवाणियात भाऊ, त्याचे दोन मेहुणे आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ होते. मी चहाचे पेले घेऊन आत गेले तेव्हा खेळ सुरू झाला होता. पेटीच्या कडेवर दुकानाची किल्ली ठेवलेली, लांब दांड्याची, जुनी. भाऊ बाबांहून जाडा, हसतमुख. त्याची लाल गड्यांची दांडी कुरकुरत होती, पण फिरत होती. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडलेला.

त्यांनी मूठ धरली होती, पण दांडी हलत नव्हती. पहिल्या महिन्यात हलायची तितकीही नाही. मनगट थरथरत होतं, कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता. भावाने सावकाश एक गोल मारला. मग दुसरा.  बाबांनी डावा हात उजव्यावर ठेवला तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "खलास, खलास." हा शब्द मला कळत होता, आपलाच आहे. त्याने किल्लीकडे बघितलं नाही, पण बाकीच्या सगळ्यांनी बघितलं.

बाबा अरबीत काहीतरी म्हणाले. माझ्याकडे नजर गेली तेव्हा हिंदीत म्हणाले, "मर गया हाथ. रात में मर गया."

मी पेला ठेवायला वाकले होते. तेव्हा दिसलं. बाबांच्या दांड्या जिथे लाकडात शिरत होत्या, तिथे भोकाच्या कडेने पांढरी रेघ होती. साजूक तूप थिजावं तशी. चारही दांड्यांना. लाल दांड्यांना नव्हती.

उरलेले पेले तबकातच राहिले. मी ते तसंच घेऊन बाहेर आले.

स्वयंपाकघरात मामा होत्या. मी त्यांना हाताने दाखवलं, केस, तेल, थंडी, दांडी. त्यांना वाटलं मला डोकं दुखतंय. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि गोळी शोधायला लागल्या. मी तिथे उभी राहून विचार करत होते. चूक माझी. सांगितलं तर नोकरी जाईल. मुलांसारखा जपलेला खेळ हिने तेल ओतून बिघडवला म्हणतील. यजमानांना हॉस्पिटलात खाली मान घालावी लागेल. आणि सांगायचं ते कुठे, चार पुरुषांपुढे. उद्या सकाळी एकटे असताना बाबांना सांगता येईल, असंही मनात आलं. पण उद्या किल्ली बहरीनच्या विमानात असणार होती. आणि एक रात्रभर तो माणूस हात मेला म्हणून झोपणार होता.

शेगडीवर चहाचं आधण होतं. मी दोन फडकी त्यात बुडवली, पिळली, हात भाजले, आणि दिवाणियात गेले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. चहा नाही, तबक नाही, आणि ही बाई वाफ निघणारी फडकी घेऊन उभी. बाबा म्हणाले, "क्या है, बाई?"

इन्स्पेक्टरांपुढे झालं होतं तसंच झालं. शब्द होते, घसा नव्हता. मी बाबांच्या पहिल्या दांडीच्या टोकाला फडकं गुंडाळायला लागले.

"अरे, क्या करती है? छोड!"

"हाथ नही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "हाथ नही मरा, बाबा. तेल मरा. मेरा तेल. मैंने डाला."

कुणाला काही कळलं नाही. एक मेहुणा हसला. दुसरा मला हाताने दाराकडे जायची खूण करत होता. पण भाऊ खाली वाकला. त्याने दुसऱ्या दांडीच्या भोकातून नखाने ती पांढरी रेघ खरवडली, दोन बोटांत चोळली, नाकाशी धरली. आणि ओरडलाच, "खोबरेल!"

तोही मुंबईतच वाढलेला ना. हसू लागला तो थांबेचना. बाकीच्यांना अरबीत सांगू लागला, हातवारे करून. मला एवढं समजलं की लहानपणी दोघांना सांभाळायला एक बाई होती आणि ती थंडीत तेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवायची. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी बोट लावून वास घेतला आणि नाक मुरडलं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कितना टाइम?"

"दस मिनट."

"कर."

मी स्वयंपाकघरात जाऊन फडकी गरम करून आणत राहिले. मामाही समजल्या, त्यांनी शेगडीच दाराशी आणून ठेवली. एकेका दांडीतून तेल वितळून खाली ओघळलं, हिरव्या रंगावर डाग पडले. मी लुगड्याच्या पदराने पुसत होते. शेवटी बाबांनी मूठ धरली आणि दांडी फिरली. पूर्ण नाही, पाऊण. रोजच्यासारखी. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा फिरवून बघितली.

खेळ सुरू झाला, भावाचे दोन गोल तसेच धरून. त्याने तिसरा मारला. मग चेंडू बाबांच्या पुढच्या गड्याकडे आला, त्यांनी मनगट वळवलं आणि चेंडू लालच्या गोलात गेला. सगळ्यांनी ओरडा केला. मी भावाच्या हाताकडे बघत होते. त्याचा अंगठा वर होता.

ती युक्ती माझीच होती. मला ती झोपेतसुद्धा ओळखू आली असती.

भावाने चौथा गोल मारला. तेवढ्यात शेवटची दांडी पुन्हा जड वाटते म्हणून बाबांनी मला खूण केली. मी फडकं घेऊन दाराशी गेले, खाली वाकून शेगडीवरच्या पातेल्यात बुडवलं, पिळायला लागले. आणि तेव्हाच तो आवाज झाला. बुचाचा चेंडू लाकडावर आपटून गोलाच्या खोक्यात पडला की टप् असा आवाज होतो. मी मान वर करेपर्यंत सगळे उभे होते. भाऊ बाबांचे दोन्ही गाल चुंबत होता. भावाने पाचवा गोल मारलाच नाही. किल्ली भावाने स्वतः उचलून बाबांच्या खिशात टाकली.

शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा पाय जड होते. वाटत होतं, काल पाहुण्यांपुढे काही बोलले नाहीत, आज बोलतील. पेटी पुन्हा आतल्या खोलीत आलेली. बाबा एकटे उभे होते, मामा अजून उठल्या नव्हत्या. त्यांनी तेलाबद्दल एक शब्दही काढला नाही.

"बाई, तूने देखा था?"

मला कळलं ते काय विचारतात.

"भाई ने छोडा था क्या? तेरे जैसा?"

 त्यांनी वाट बघितली. मग मी गळ्याला घेतलेला चिमटा आठवला.

"पहला छोडा था," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांना माहीतच असावं.

"और दूसरा?"

खिशातली किल्ली ते डाव्या हाताने चाचपत होते. बाहेर गाडी उभी होती, दुकान उघडायला जायचं होतं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. बोटं अजून मुठीवर आपोआप मिटत नव्हती, डाव्या हाताने मिटवावी लागत होती.

"दूसरा आपका," मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बस. एक काफी है." आणि ते गेले. त्यानंतर दुकान चार वर्षं चाललं, आम्ही कुवेत सोडेपर्यंत. रोज दुकानाआधी आम्ही पाच गोल खेळायचो. दांड्यांना मामांच्या शिलाई मशीनचं तेल.

कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळाचं इतकं काय. पण मी आयुष्यात मोठ्याने दोनच गोष्टी बोलले, एक शुक्रवारी आणि एक शनिवारी. शुक्रवारची खरी होती. शनिवारची खरी होती की नाही, हे मला माहीत नाही. मी वाकले होते. माझ्या हातात फडकं होतं. मी नुसता आवाज ऐकला.